दिवाळीचा किल्ला फोनवर फिरवायचा असेल तर: फोटोपासून क्यूआर कोडपर्यंतचा क्रम

भाऊबीज झाली की बेळगावातल्या मंडळांचे फोन सुरू होतात. शहापूर, वडगाव, अनगोळ, कधी येळ्ळूर, कधी खानापूर. तक्रार एकच असते: "किल्ल्याचं थ्रीडी केलंय, आमच्या कॉम्प्युटरवर छान फिरतंय, पण ग्रुपवर लिंक टाकली तर कुणाच्याच फोनवर उघडत नाही." फाईल मागवली की ती ९० नाहीतर १२० एमबीची निघते. पोरांनी पंधरा दिवस लाल माती कालवून बुरूज उभे केलेले असतात, आणि ते बघायला थांबलेल्या गावाकडच्या आजीला किंवा पुण्यात नोकरीला असलेल्या भावाला नुसता पांढरा पडदा दिसतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण चूक मेहनतीत नसते, क्रमात असते. आधी जमेल तेवढं मोठं मॉडेल करायचं आणि शेवटी ते फोनमध्ये कोंबायचं, असा उलटा प्रवास होतो. खालचा क्रम फोनपासून सुरू होतो. तो मोडू नका.

## १. आधी फोन ठरवा

गल्लीतला सगळ्यात साधा चालू स्मार्टफोन शोधा. चार-पाच वर्षांपूर्वीचा, ३ किंवा ४ जीबी रॅमचा, ज्यात जागा संपत आलेली असते असा. काम संपेपर्यंत तो हाताशी लागेल, म्हणून ज्याचा आहे त्याला आत्ताच विचारून ठेवा. मॉडेल त्या फोनवर चाललं पाहिजे. तुमच्या फोनवर चालणं हा पुरावा नाही.

त्या फोनसाठी माझी मर्यादा अशी असते: पूर्ण फाईल ३ एमबी, पडद्यावर एकावेळी ६० हजार त्रिकोण (थ्रीडी आकार अशा लहान त्रिकोणांचाच बनतो), आणि किल्ल्याला एकच टेक्स्चर, म्हणजे आकारावर चढवायचं रंगाचं चित्र, २०४८ बाय २०४८ पिक्सेलचं. हे तीन आकडे कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवा.

३ एमबी कशासाठी, तर हिशोब करून बघा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला कित्येक ठिकाणी रेंज जेमतेम असते. सेकंदाला १ मेगाबिट मिळतंय असं धरलं तर ३ एमबीला २४ सेकंद लागतात आणि २० एमबीला १६० सेकंद. अडीच मिनिटं पांढऱ्या पडद्याकडे कुणी बघत बसत नाही.

टेक्स्चरचा हिशोब बहुतेकांना माहीत नसतो आणि घात तिथेच होतो. जेपेग फाईल १ एमबीची दिसते म्हणून आपण निर्धास्त असतो. पण चित्र दाखवण्याआधी फोन ते उलगडतो आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट देतो. २०४८ बाय २०४८ म्हणजे १६ एमबी. लांबून बघताना लागणाऱ्या लहान प्रती तो सोबत तयार करतो, म्हणजे साधारण २१ एमबी. ४०९६ चं टेक्स्चर असेल तर एकट्याचे ८५ एमबी. अशी तीन टेक्स्चर जोडली की अडीचशे एमबी झाले. फोनच्या ग्राफिक्स चिपला वेगळी मेमरी नसते, ती रॅममधूनच घेते. मग ब्राउझर पान बंद करतो किंवा पुन्हा पुन्हा लोड करत राहतो. जेपेग आणखी दाबून यातला एक बाइटही वाचत नाही. पिक्सेलच कमी करावे लागतात.

## २. किल्ल्याची तयारी, फोटोच्या आदल्या दिवशी

फोटोंवरून थ्रीडी करणारं सॉफ्टवेअर वेगवेगळ्या फोटोंतला तोच ठिपका ओळखून त्याची जागा काढतं. जे हलतं, चमकतं किंवा दोऱ्याएवढं बारीक असतं, ते त्याला ओळखता येत नाही. आपल्या किल्ल्यावर हे तिन्ही प्रकार हौसेनं भरलेले असतात. म्हणून:

- खंदकात आणि तळ्यात पाणी घालायच्या आधी फोटो काढा. पाण्याच्या जागी सॉफ्टवेअर खड्डे नाहीतर सुळके काढतं. निळा जिलेटीन कागदही तसाच त्रास देतो.
- झेंडे काढून ठेवा. वाऱ्यावर हलणारा भगवा मॉडेलमध्ये केशरी ढगासारखा उतरतो. झेंडे आपण नंतर ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये लावणार आहोत.
- मावळेही उचला. ते वेगळे घ्यायचे, पाचव्या पायरीत सांगतो.
- अळीव किंवा मोहरी पेरली असेल तर कोंब अर्धा इंच व्हायच्या आत फोटो उरका. उंच झालेलं गवत जाळीचा, म्हणजे त्रिकोण जोडून बनलेल्या थ्रीडी आकाराचा, चुराडा करतं.
- लाईटच्या माळा आणि पणत्या बंद.

किल्ल्याच्या पायथ्याशी मोजपट्टी ठेवा, किंवा दोन ठळक खुणांमधलं अंतर मोजून वहीत लिहा. ही एक ओळ लिहायची राहिली की पुढे किल्ल्याची खरी मापं कुठूनच मिळत नाहीत.

सावध: ऑक्टोबरात बेळगावात परतीचा पाऊस कधीही येतो. तटबंदी पूर्ण झाली की सजावटीची वाट न बघता फोटो घ्या. एका सरीनंतर बुरुजाची धार जाते ती जातेच.

## ३. फोटो

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खराब फोटोंवर पुढे कितीही मेहनत घेतली तरी उपयोग नाही.

ढगाळ सकाळ निवडा, किंवा किल्ला पूर्ण सावलीत असेल ती वेळ. अर्ध्यावर ऊन आणि अर्ध्यावर सावली असेल तर थांबा. फ्लॅश वापरू नका. तुम्ही फिराल तशी सावली फिरेल आणि सॉफ्टवेअर गोंधळेल.

फोनचा मुख्य कॅमेराच वापरा. वाइड नको, झूम नको, पोर्ट्रेट आणि नाईट मोड नको, फिल्टर तर मुळीच नको. पडद्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड कुलूपबंद होतो. ते न केल्यास एका बाजूची माती लाल आणि दुसऱ्या बाजूची तपकिरी येते.

मग किल्ल्याभोवती तीन फेऱ्या मारा. पहिली बसून, तटबंदीच्या पातळीवर. दुसरी उभं राहून. तिसरी स्टुलावर चढून, बालेकिल्ल्यावर वरून नजर टाकत. दर पावलाला एक फोटो. लगतच्या दोन फोटोंमध्ये साधारण ७० टक्के भाग तोच दिसला पाहिजे. शेवटी दरवाजे, पायऱ्या, गुहा अशा बारकाव्यांजवळ जाऊन थोडे जादा. सहा-आठ फुटी किल्ल्याला ८० ते १५० फोटो पुरतात.

दोन चुका दरवर्षी दिसतात. एकाच जागी उभं राहून फोन नुसता इकडून तिकडे फिरवणं ही पहिली. त्यातून खोली मिळत नाही, तुम्हीच सरकायला हवं. दुसरी चूक म्हणजे व्हिडिओ काढून त्यातून चित्रं वेगळी करणं. चालताना व्हिडिओतली चित्रं हलकीशी पुसट येतात आणि मातीचा पोत हरवतो.

किल्ला भिंतीला टेकलेला असेल तर मागची फेरी होणारच नाही. हरकत नाही, जेवढं दिसतं तेवढ्या अर्धवर्तुळात फिरा. मागची बाजू कुणाला दाखवायचीच नाही, ती सोय सातव्या पायरीत करू.

तपासा: जागेवरून हलण्याआधी दहा फोटो मोठे करून बघा. मातीचे खडे वेगवेगळे दिसतायत का? पुसट फोटो तिथेच पुसा आणि तेवढे परत काढा. तुळशीच्या लग्नानंतर किल्ला मोडला की दुसरी संधी नाही.

सावध: फोटो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखे पाठवू नका. ते लहान होऊन पोचतात आणि कॅमेऱ्याची माहितीही त्यातून गळते. यूएसबी केबलनं घ्या, किंवा पाठवायचेच असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

## ४. फोटोंवरून जाळी

हे काम करणारं मेशरूम हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि चांगलं आहे, पण त्याच्या मुख्य कामाला एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड लागतं. तसा कॉम्प्युटर नसेल तर पॉलिकॅमसारखं ॲप फोटो घेऊन जाळी बनवून देतं. कोणतंही वापरलं तरी हाती येणारं मॉडेल लाखो त्रिकोणांचं असतं. ते बघून खूश होऊन लगेच अपलोड करणं ही सगळ्यात मोठी चूक आहे. ही फाईल म्हणजे कच्चा माल. 'मूळ' नावाच्या फोल्डरमध्ये तिची एक प्रत ठेवा आणि काम दुसऱ्या प्रतीवर करा.

## ५. ब्लेंडरमधला क्रम

इथे पायऱ्यांची अदलाबदल केली की सगळं पुन्हा करावं लागतं.

अ) साफसफाई. आजूबाजूची फरशी, चपला, बघ्यांचे पाय, हवेत तरंगणारे तुकडे कापून टाका. किल्ल्याच्या कडेला वीतभर जमीन ठेवा.

आ) माप आणि दिशा. वहीतल्या अंतराप्रमाणे आकार बसवा, किल्ला सरळ उभा करा, तळ शून्यावर आणा. मग कंट्रोल-ए दाबून माप पक्कं करा. हे विसरलं की पुढे कुणाच्या अंगणात किल्ला काडेपेटीएवढा येतो, कुणाच्या अंगणात घराएवढा.

इ) त्रिकोण कमी करणं. प्रत बनवा आणि तिला डेसिमेट लावून ४५ हजारांवर आणा. मूळ मॉडेल शेजारीच राहू द्या. बाकीचे १५ हजार मावळे आणि झेंड्यांसाठी राखलेत.

ई) नवीन यूव्ही, म्हणजे टेक्स्चर बसवण्यासाठी जाळीचा सपाट उलगडलेला नकाशा. कमी केलेल्या जाळीला नव्याने यूव्ही उलगडा. जुनी यूव्ही शेकडो चिंध्यांची असते, टेक्स्चरमधली जागा तिच्यात वाया जाते.

उ) बेक. मूळ मॉडेलचा रंग नव्या जाळीवर, एकाच २०४८ टेक्स्चरमध्ये उतरवा. डोळ्यांना दिसणारे सगळे बारकावे या रंगातून येतात. चांगल्या बेकनंतर ४५ हजारांचा किल्ला आणि २० लाखांचा किल्ला फोनच्या पडद्यावर वेगळे ओळखू येत नाहीत.

ऊ) मावळे आणि झेंडे. एक मावळा टेबलावर ठेवून त्याचे वेगळे फोटो घ्या, तशीच जाळी करा, ५०० त्रिकोणांवर आणा, टेक्स्चर ५१२ चं. मग त्याच्या प्रती तटावर उभ्या करा, पण प्रत काढताना ऑल्ट-डी वापरा. शिफ्ट-डीने प्रत्येक मावळा फाईलमध्ये वेगळा साठवला जातो. ऑल्ट-डीने तो एकदाच साठवला जातो आणि पंचवीस ठिकाणी दिसतो. झेंड्याला दहा-बारा त्रिकोण पुरे. त्याच्या मटेरियलमध्ये बॅकफेस कलिंग बंद ठेवा, नाहीतर भगवा एकाच बाजूने दिसेल आणि दुसरीकडून नुसती काठी.

तपासा: ब्लेंडरमधली आकडेवारी चालू करा. एकूण त्रिकोण ६० हजारांच्या आत आहेत का? फाईलमध्ये एकदाच साठवलेला मावळा पडद्यावर पंचवीस वेळा काढावा लागतो, म्हणून सगळे मोजा.

## ६. प्रकाश, एक्स्पोर्ट, आवळणं

फोटोत खरा उजेड आणि खऱ्या सावल्या आधीच उतरलेल्या आहेत. त्यावर फोनकडून पुन्हा प्रकाशाचं गणित करून घ्यायची गरज नाही. मटेरियल 'अनलिट' ठेवा. नॉर्मल मॅप (उंचसखलपणा भासवणारं चित्र) लागत नाही, चकाकीचा मॅप लागत नाही, साध्या फोनचं काम निम्म्यावर येतं. जीएलटीएफ-ट्रान्सफॉर्म या मोफत साधनात यासाठी स्वतंत्र कमांड आहे. काहींना प्रकाश हवाच असतो, त्यांनी मेटॅलिक (धातूपणा) शून्य आणि रफनेस (खरखरीतपणा) ०.९ च्या आसपास ठेवावा. जीएलटीएफ या वेबवरच्या थ्रीडी फाईल-प्रकारात मेटॅलिकची किंमत लिहिलेली नसेल तर ती १ धरली जाते, आणि मातीचा किल्ला काळ्या लोखंडाचा दिसू लागतो.

एक्स्पोर्ट करताना जीएलबी, म्हणजे जीएलटीएफचाच एका फाईलमधला प्रकार, निवडा. जाळी आणि चित्रं एकाच फाईलमध्ये बसतात, टेक्स्चर मागे राहण्याची भीती नाही. ओबीजे किंवा एफबीएक्स वेबसाठी देऊ नका.

आता आवळण्याचं. ड्रॅको या जाळी दाबण्याच्या पद्धतीमुळे जाळी खूप लहान होते, पण ती उलगडणारा डीकोडर फोनला वेगळा उतरवून घ्यावा लागतो आणि तोही काहीशे केबीचा असतो. जाळी दीड-दोन एमबीची असेल तर ड्रॅको फायद्याचा, त्याहून खूप लहान असेल तर सोडून द्या. मेमरीसाठी खरा उपयोग केटीएक्स-२ प्रकारच्या टेक्स्चर फाईलचा होतो, कारण ते ग्राफिक्स मेमरीतही आवळलेलंच राहतं. पहिल्या वर्षी मात्र जेपेगवर काम भागवा, एक गुंता कमी.

तपासा: फाईल ३ एमबीच्या आत आली का? नसेल तर आधी टेक्स्चरची गुणवत्ता ८० वर आणा, मग त्रिकोण कमी करा. जाळी आवळत बसण्याआधी वजन नक्की कशाचं आहे ते बघा, निम्म्याहून जास्त वेळा ते चित्राचं असतं.

## ७. पान

वेबपानावर थ्रीडी मॉडेल दाखवणारा गूगलचा मॉडेल-व्ह्यूअर हा तयार घटक वापरा, नव्याने कोड लिहीत बसू नका. पानावर या गोष्टी हव्यातच:

पोस्टर. किल्ल्याचा ६०-७० केबीचा फोटो आधी दिसला पाहिजे आणि त्यावर 'किल्ला फिरवून बघा' असं बटण. बटण दाबल्यावरच मॉडेल उतरू द्या. ज्याला नुसतं बघायचं आहे त्याचा डेटा वाचतो.

बोटाचं वागणं. उभं बोट फिरवलं की पान सरकलं पाहिजे, आडवं फिरवलं की किल्ला. ही सोय मॉडेल-व्ह्यूअरच्या टच-ॲक्शन या सेटिंगमध्ये आहे. ती नसेल तर माणूस मॉडेलवर अडकतो आणि खाली लिहिलेली मंडळातल्या पोरांची नावं त्याला कधीच दिसत नाहीत.

कॅमेऱ्याच्या मर्यादा. जमिनीखाली जाता येऊ नये. भिंतीकडची बाजूही कोन बांधून बंद करा. पोकळ मागची बाजू दिसली की किल्ल्याचा सगळा रुबाब जातो.

आपोआप फिरणं बंद ठेवा. कुणी हात लावत नसतानाही फोन दर सेकंदाला चित्रं काढत राहतो, तापतो, आणि तापला की स्वतःच वेग कमी करतो. थ्री-जेएस या कोड-लायब्ररीत स्वतः लिहिणाऱ्यांनी पिक्सेल रेशो, म्हणजे पडद्याच्या एका एककाला आडवे-उभे किती पिक्सेल काढायचे ते प्रमाण, २ वर बांधावा. तीनच्या पडद्यावर तसं न केल्यास नऊपट पिक्सेल काढावे लागतात, दोनवर चौपट.

फाईल ठेवायला गिटहब पेजेस ही वेबपानं ठेवायची सेवा पुरते. गूगल ड्राइव्हची शेअर लिंक मॉडेलचा पत्ता म्हणून देऊ नका, तिथे फाईलऐवजी ड्राइव्हचं पान मिळतं. फाईलचं नाव लहान इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवा. विंडोजवर चाललेलं मोठं अक्षर सर्व्हरवर वेगळी फाईल ठरतं. मॉडेल बदललं की नावापुढचा आकडाही बदला, नाहीतर काही लोकांना काही काळ जुनाच किल्ला दिसत राहील.

## ८. महादरवाजा, बालेकिल्ला: नावं कशी लावायची

नावं टेक्स्चरवर रंगवू नका, जवळ गेलं की ती फुटतात. थ्रीडी अक्षरंही करू नका. थ्री-जेएसच्या साध्या थ्रीडी अक्षरांत देवनागरीची जोडाक्षरं जुळत नाहीत, 'बालेकिल्ला'तला 'ल्ल' सुटा पडतो आणि वेलांटी भलत्याच जागी जाते. मॉडेल-व्ह्यूअरचे हॉटस्पॉट म्हणजे पानावरचा साधा मजकूर असतो, तो फोन नीट जुळवतो. वेगळा फॉन्ट उतरवायचीही गरज नाही, देवनागरी आणि कन्नड दोन्ही फॉन्ट फोनमध्ये असतातच. नावं दोन्ही लिप्यांत द्या. आपल्या गल्ल्यांत कन्नड घरंही आहेत, त्यांची पोरंही याच किल्ल्याला माती देतात. मात्र पाच-सहा नावांवर थांबा, सहा इंची पडद्यावर त्याहून जास्त झाली की एकावर एक चढतात.

## ९. अंगणात ठेवून बघणं

एआरचं, म्हणजे कॅमेऱ्यात दिसणाऱ्या खऱ्या जागेवर मॉडेल ठेवून दाखवण्याचं, बटण मॉडेल-व्ह्यूअर देतो. अँड्रॉइडवर त्यासाठी एआरकोर ही गूगलची एआर यंत्रणा चालणारा फोन लागतो, आयफोनवर यूएसडीझेड प्रकारची फाईल लागते. साध्या फोनवर हे चालणार नाही हे गृहीत धरा आणि त्याच्यासाठी बाकीचं काही अडवू नका. पाचव्या पायरीत मापं पक्की केली असतील तरच हे बटण दाखवा.

## १०. फोनवर चाचणी

क्रोममध्ये कॉम्प्युटरवर 'मोबाईल' रूप बघून चाचणी झाली असं समजू नका. तिथे फक्त खिडकी लहान होते, ग्राफिक्स कार्ड आणि रॅम तुमच्या कॉम्प्युटरचीच असते. पहिल्या दिवशी मागून ठेवलेला तो जुना फोन आता घ्या आणि या क्रमाने बघा:

1. वायफाय बंद करा. इन्कॉग्निटो टॅब उघडा, म्हणजे आधी उतरलेली फाईल मदतीला येणार नाही. जिथे रेंज कमी आहे तिथे उभे राहा.
2. घड्याळ लावा. पोस्टर ३ सेकंदांत आणि बटण दाबल्यावर किल्ला ३० सेकंदांत यायला हवा.
3. पाच मिनिटं सलग फिरवा. पहिल्या मिनिटात सगळंच छान चालतं, पाचव्या मिनिटाला फोनची पाठ किती गरम आहे आणि बोटामागे किल्ला अडखळतो का, ते बघा.
4. व्हॉट्सॲप उघडा, एक फोटो बघा, परत या. किल्ला जागेवर आहे का? पडदा काळा किंवा कोरा झाला असेल तर मेमरी पुरत नाहीये. टेक्स्चर १०२४ वर आणा, त्याला उलगडल्यावर जेमतेम पाच एमबी लागतात.
5. दुपारच्या उन्हात बाहेर या. लाल माती आणि काळी पार्श्वभूमी मिळून काहीच दिसत नाही. पार्श्वभूमी फिकट ठेवा.
6. फोन साठीच्या पुढच्या माणसाच्या हातात द्या आणि काही सांगू नका. त्याने बोट कुठे ठेवलं ते नुसतं बघा. मी पानावरची बहुतेक बटणं असं बघूनच हलवली आहेत.

काही बिघडलं तर फोन यूएसबीने कॉम्प्युटरला जोडा, यूएसबी डीबगिंग चालू करा आणि क्रोमच्या इन्स्पेक्ट पानावर फोनवरचं पान उघडा. खरी त्रुटी तिथे लिहिलेली असते.

## ११. वाटप

ग्रुपवर पानाची लिंक द्या, जीएलबी फाईल नव्हे. फाईल पोचते, पण बहुतेकांच्या फोनवर ती उघडणारं ॲपच नसतं. इन्स्टाग्राममधून उघडलेलं पान इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरमध्ये राहतं आणि तिथे एआर अडू शकतं, म्हणून पानावर 'क्रोममध्ये उघडा' अशी एक ओळ ठेवा.

क्यूआर कोड किमान हाताच्या पंजाएवढा छापा, काळा-पांढराच ठेवा, मधे मंडळाचं चिन्ह घालू नका. लॅमिनेट करा, पहाटेचं दव कागदाला टिकू देत नाही. फलक किल्ल्यावर टोचू नका. बाजूच्या भिंतीवर छातीच्या उंचीला लावा, म्हणजे स्कॅन करायला वाकलेल्या माणसाचा पाय तटबंदीवर पडणार नाही.